तारकर्ली-मालवणमध्ये एकट्या प्रवाशासाठी जागा उरली आहे का?

पायवाट

गेल्या जानेवारीत मी मालवण, तारकर्ली आणि देवबाग या भागात एकट्याने राहून आलो आणि पुरता हिरमुसून परतलो. माझ्या अपेक्षा अवास्तव होत्या की त्या गावांचेच काही बिनसले आहे, याविषयी इथल्या जाणत्या मंडळींची मते हवी आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात खोली शोधण्यापासून झाली. कुडाळ स्थानकावर उतरून एसटीने मालवण गाठेपर्यंत मी अनेक घरगुती निवासांना दूरध्वनी केले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न ‘किती माणसे?’ हाच होता आणि ‘एकटाच’ असे सांगितल्यावर पलीकडचा आवाज एकदम थंड होत असे. एकाने ‘एकट्या पुरुषाला आम्ही खोली देत नाही’ असे सरळ सांगितले. दुसऱ्याने खोली रिकामी आहे की नाही ते पाहून कळवतो म्हटले आणि कळवले नाही. अखेर जिथे मिळाली तिथे दोघांचे पूर्ण भाडे, आगाऊ रक्कम, आधार कार्डाची प्रत आणि घरच्या कोणाचा तरी क्रमांक एवढे सगळे द्यावे लागले.

त्यानंतर लक्षात आले की तिथे एका माणसाला परवडेल असे काही विकलेच जात नाही. संगम, डॉल्फिन आणि त्सुनामी बेट अशी फेरी होडीच्या हिशेबाने ठरते. आठ जण जमले की सुटू, असे सांगून मला धक्क्यावर बसवून ठेवले. दुपारी एका कुटुंबात मला जोडून देण्यात आले आणि पुढचा सगळा वेळ मी त्यांची छायाचित्रे काढत होतो. मालवणच्या स्थानकापासून तारकर्लीपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर एखादा तरुण लॅमिनेट केलेले दरपत्रक घेऊन उभा असतो. त्यावर स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना आणि बंपर यांची चित्रे असतात आणि दराचे आकडे पेनाने खोडून पुन्हा लिहिलेले असतात. संध्याकाळी किनाऱ्यावर तीन वेगवेगळ्या गटांचे तीन ध्वनिक्षेपक एकाच वेळी चालू होते आणि एका हौशी चालकाने वाळूत आणलेली मोटार चाकांपर्यंत रुतून बसली होती.

गर्दीची मला सवय आहे, मी रोज लोकलने प्रवास करतो. माझी तक्रार अशी आहे की या गावांनी आपला सगळा कारभार गटांसाठी बेतून घेतला आहे आणि एकट्याने चालत, बघत, गप्पा मारत राहणाऱ्या माणसाकडे तिथे गिऱ्हाईक म्हणूनही कोणी पाहत नाही. इतरांचा अनुभव काय आहे?

खवचट पेठकर

जानेवारीत, ऐन शालेय सहलींच्या हंगामात, तारकर्लीला निवांतपणा शोधायला जाणे म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर शतपावलीला जाण्यासारखे आहे. तुमच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

तिसऱ्या

मूळ लेखाचा सूर पटला. पण जेवणाबद्दल आपण एक अक्षरही लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. मालवणला जाऊन आल्यावर माणूस खोलीच्या भाड्यावर एवढा मोठा परिच्छेद लिहितो आणि सुरमईवर एक ओळही लिहीत नाही, हेच मुळात निराशेचे लक्षण आहे.

पायवाट

जेवणाविषयी तक्रार नाही. सुरमईची थाळी उत्तम होती, सोलकढी दोनदा मागितली तेव्हा दोन्ही वेळा हसतमुखाने वाढली. मात्र तिथेही चार जणांच्या मेजावर एकटा बसलो म्हणून दोनदा उठवून कोपऱ्यात हलवले.

मृण्मयी_भ

मी एकट्याने फिरणारी स्त्री आहे आणि माझा अनुभव मूळ लेखकांच्या जवळजवळ उलट आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पर्यटकांनी गजबजलेल्या गावांविषयी नाक मुरडणारे बहुतेक लेखक पुरुष असतात, असे माझे निरीक्षण आहे. त्यांना जो निर्मनुष्य किनारा हवाहवासा वाटतो, तिथे मी अंधार पडायच्या आत परत फिरते. याच जिल्ह्यातल्या एका अतिशय सुंदर, अगदी रिकाम्या किनाऱ्यावर एक दुचाकीस्वार बराच वेळ माझ्या मागे-पुढे फिरत राहिला आणि त्याच्याव्यतिरिक्त तिथे हाक मारायलाही कोणी नव्हते. त्यानंतर मी तारकर्लीला गेले. तिथे सूर्यास्तानंतरही किनाऱ्यावर मुले, आजी-आजोबा, भेळवाले आणि घोडेवाले होते, दिवे होते आणि माझ्याकडे बघायला कोणाला फुरसतही नव्हती. त्या गजबजाटात मी निर्धास्तपणे वाळूत बसून पुस्तक वाचले.

खोलीच्या बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत आहे. मला नकार मिळत नाही, पण चौकशी होते. एका मालकीणबाईंनी माझे लग्न, नोकरी, पगार आणि आईची तब्येत इतके सगळे विचारून झाल्यावरच किल्ली हातात दिली. रात्री मात्र त्यांनीच आपल्या पंगतीत बसवून तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे तिखले वाढले, हेही नमूद केले पाहिजे.

गुरुजी जतकर

खवचट पेठकरांनी शालेय सहलींचा उल्लेख केला आणि मूळ लेखकांना गर्दीचा त्रास झाला, म्हणून त्या गर्दीच्या वतीने लिहितो, कारण ती गर्दी मीच घेऊन जातो.

मी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात शिक्षक आहे. आमच्याकडे पाण्याचा टँकर ही नेहमीची गोष्ट आहे. एसटी महामंडळ शालेय सहलींसाठी भाड्यात 50 टक्के सवलत देते, म्हणून आमच्या मुलांना समुद्र दिसतो, नाहीतर अनेकांना तो चित्रातच पाहावा लागला असता. मालवणच्या धक्क्यावर गाडी थांबते तेव्हा मुले आधी ओरडतात आणि मग एकाएकी गप्प होतात. सातवीतल्या एका मुलाने पाणी चाखून पाहिले आणि ‘गुरुजी, हे कोणी खारट केले?’ असे विचारले. होडीतून सिंधुदुर्गावर गेल्यावर किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून तर त्यांचा विश्वासच बसत नव्हता, कारण चारही बाजूंनी समुद्र आणि मध्ये गोडे पाणी ही गोष्ट आमच्या तालुक्यातल्या मुलाला किल्ल्याच्या तटबंदीपेक्षाही मोठी वाटते.

आम्ही गोंगाट करतो, हे मान्य आहे. परंतु मालवण ज्यांना एकदाच पाहायला मिळणार आहे, त्यांनी ते जरा मोठ्या आवाजात पाहिले तर एकट्या प्रवाशाने थोडे सोसायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

पायवाट

गुरुजी, तुमच्या मुलांविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. शाळेची मुले दुपारी येतात आणि संध्याकाळी बसमध्ये बसून निघून जातात. माझा रोख शुक्रवारी रात्री मोटारींतून येणाऱ्या आणि किनारा स्वतःच्या गच्चीप्रमाणे वापरणाऱ्या मंडळींकडे आहे. मंगळवारी आणि बुधवारी तिथे खरोखर बरे वाटले होते, हे लिहायचे राहून गेले.

बुधवारी पहाटे तर रापण ओढताना पाहिली. होडीने अर्धवर्तुळात टाकलेल्या जाळ्याची दोन टोके किनाऱ्यावर दोन रांगांनी धरली होती आणि माणसे पाठमोरी चालत, एकमेकांना साद घालत दोर ओढत होती. रांगेच्या शेवटी पोहोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ जाऊन पहिला होत असे. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ आल्या आणि जाळे वाळूत आले तेव्हा त्यात थोडी तारली, काही बांगडे, बरेच जेलीफिश आणि शीतपेयाच्या बाटल्या होत्या. तेवढ्यात जवळच्या हॉटेलातील काही पर्यटक आले, त्यांनी दोराला हात लावून छायाचित्रे काढली आणि लगेच दोर सोडून दिला.

देवबागचा यजमान

मी देवबागला घरगुती निवास चालवतो. मूळ लेखकांना नकार देणाऱ्यांत मी असण्याची शक्यता नाकारत नाही. म्हणून आमची बाजू मांडतो.

एकट्या पुरुषाला खोली न देण्यामागे तुम्हाला वाटतो तसा हिशेब प्रथम नसतो, भीती असते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात अशी एखादी घटना घडलेली आहे की एकटा आलेला पाहुणा खोलीत जीव देतो किंवा रात्री दारू पिऊन समुद्रात उतरतो. त्यानंतर पंचनामा, पोलीस ठाण्याच्या खेपा आणि मृताच्या नातेवाइकांचा आक्रोश हे सगळे त्या घरमालकाच्या वाट्याला येते. आमच्या इथे खोल्या म्हणजे आमचेच घर आहे. पुढच्या पडवीत माझी आई झोपते. घरच्या माणसाचा क्रमांक आम्ही मागतो तो यासाठीच.

आता हिशेबाचे सांगतो. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे. इथे शेती नावापुरती आहे. पावसाळ्यात जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना या दिवसांतच वर्षाची कमाई होते. मी खोल्या बांधायला कर्ज काढले, त्यानंतर 2020 साली टाळेबंदी आली आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने छप्परच नेले. माडांखालची जी रिकामी जागा तुम्हाला निवांत वाटते, तिथे माझे पडलेले माड होते. अशा वेळी नाताळच्या आठवड्यात दोघांच्या खोलीत एकट्याला अर्ध्या भाड्याने ठेवण्याचे औदार्य बँकेला पटवून देता येत नाही.

तरीही आठ जण होईपर्यंत धक्क्यावर बसवून ठेवणे आणि पेनाने दर बदलणे या गोष्टींचे मी समर्थन करणार नाही. दर ठरलेले असावेत, फलकावर लिहिलेले असावेत आणि रस्त्यात गाड्या अडवून गिऱ्हाईक ओढणे बंद व्हावे, हे आम्ही गावातही अनेकदा बोललो आहोत. ज्याची होडी आहे तो तयार असतो; जो केवळ दलालीवर जगतो तो तयार होत नाही.

खवचट पेठकर

‘येवा, कोकण आपलाच आसा’ या फलकाखाली बारीक अक्षरांत ‘किमान दोन व्यक्ती’ असे लिहावे, म्हणजे वाद मिटेल.

रापणकर

पायवाट यांनी रापणीचे वर्णन बारकाईने केले आहे. माझ्या आजोबांची रापण होती, म्हणून तिच्यामागचे अर्थकारण सांगणे मला आवश्यक वाटते, कारण दरपत्रक घेऊन उभा असलेला तो तरुण तिथूनच आला आहे.

रापण ही एका माणसाची नसते. जाळे, होडी आणि अंगमेहनत यांचे वाटे ठरलेले असतात आणि दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही त्याचा वाटा मिळतो. ही मासेमारी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, मासळी आपल्या पायांनी आली तरच होते. बाहेर मोठ्या यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्यांनी, म्हणजे थव्याला वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या जाळ्यांनी, थवेच्या थवे उचलू लागल्या तेव्हापासून किनाऱ्याकडे येणारी तारली आणि बांगडा कमी होत गेला. त्यावरून मालवणात मोर्चे निघाले, समुद्रात हाणामाऱ्या झाल्या. 2016 च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले, 2017 मध्ये केंद्राने प्रकाशझोत टाकून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावरून बघा, दूरवर दिव्यांची रांग दिसेल. त्याआधी 1987 साली मालवणच्या पाण्यात सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हाही मच्छीमारांचा विरोध होता, कारण आपल्याच अंगणात आपल्याला मज्जाव होणार, ही धास्ती होती.

या सगळ्यातून माझ्या भावाने होडीवरचे जाळे उतरवले आणि स्कूबाचे सिलिंडर चढवले. त्याला पाण्याखालचा प्रत्येक खडक ठाऊक आहे, कारण तिथे जाळे अडकू नये म्हणून वडिलांनी तो त्याला लहानपणीच दाखवला होता. समुद्रात मासळी असती तर तो तुमच्या मोटारीमागे धावला नसता.

राहिली गोष्ट पर्यटकांच्या छायाचित्रांची. दोराला हात लावून सोडून देणाऱ्यांचे आम्हाला काही वाटत नाही. जाळे वर आल्यावर विचारल्याशिवाय चार बांगडे पिशवीत टाकून ‘एवढ्याने काय होते’ म्हणणाऱ्यांचे मात्र वाटते.

निळेपाणी

रापणकरांच्या भावाविषयी आदर बाळगूनही स्कूबाविषयी दोन गोष्टी लिहिणे भाग आहे. मी प्रशिक्षित पाणबुड्या आहे आणि मालवणच्या पाण्यात अनेक वर्षे उतरत आलो आहे.

किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर खरोखर प्रवाळ आहे, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशी ठिकाणे फार थोडी आहेत. परंतु गर्दीच्या दिवशी तिथे होड्यांची इतकी दाटी होते की प्रत्येक होडीचा नांगर त्याच खडकांवर पडतो. पर्यटकाला शिडीजवळ श्वास घ्यायला शिकवून काही मिनिटे खाली नेतात आणि चित्रफितीत मासे दिसावेत म्हणून पावाचे तुकडे टाकतात. माशांना पाव खायची सवय लागते आणि पाहुणा समजतो की त्याने समुद्र पाहिला. होड्यांसाठी कायमचे तरंगते बोये बसवले, नांगर टाकण्यास मनाई केली आणि एका वेळी किती जण उतरतील यावर मर्यादा घातली, तर प्रवाळही राहील आणि धंदाही राहील. पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र तारकर्लीतच आहे, तेव्हा शिकवणारी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. हंगामाच्या शेवटी, समुद्र खवळू लागला असतानाही फेऱ्या चालू ठेवण्याचा मोह किती महाग पडतो, ते तेव्हा दिसले. त्यामुळे होडीवाल्याने ‘आठ जण झाले की सुटू’ म्हटले तर वैतागा. पण चौदा जणांना घेऊन सुटू लागला तर उतरून घ्या.

सेवानिवृत्त दर्यावर्दी

मी मालवण प्रथम पाहिले तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. मुंबईहून रात्रभर एसटीत बसून सकाळी भरडावर उतरायचे, ओळखीच्या घरी पडवीत पथारी टाकायची आणि दुपारी दांडीच्या किनाऱ्यावर एकट्याने भटकायचे, असा आमचा क्रम असे. माझे वडील तर त्याही आधी मुंबईहून बोटीने जात. मालवणच्या बंदराबाहेर बोट उभी राहायची आणि पडावातून उतारू किनाऱ्याला आणायचे. लाटेवर पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी उडी मारावी लागे, असे ते सांगत. तारकर्लीला जाणारा रस्ता कच्चा होता आणि तिथे पाहण्यासारखे काही आहे, असे कोणाला वाटत नव्हते. सिंधुदुर्ग हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मग आमचे मालवण संपले.

मृण्मयी_भ

काका, राग मानू नका; परंतु ‘आमचे मालवण’ संपले तेव्हा तिथल्या बाईला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कमावलेले पैसे मिळू लागले, हेही त्याच काळात घडले आहे. मी जिथे राहिले त्या मालकीणबाईंनी निवास-न्याहारी योजनेतून दोन खोल्यांपासून सुरुवात केली होती. ओळखीच्या घरी पडवीत फुकट पथारी टाकणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक तेव्हा कोण करत होते, तेही आठवून पाहावे.

सेवानिवृत्त दर्यावर्दी

राग मुळीच आला नाही. स्वयंपाक त्या घरची काकी करत असे आणि निघताना आम्ही तिच्या हातावर नारळ आणि खडीसाखर ठेवत असू. तुमचा मुद्दा रास्त आहे. तरीही किनाऱ्यावर मोटार चालवणे हे कोणत्या स्त्रीच्या उत्पन्नासाठी आवश्यक आहे, ते मला समजलेले नाही.

बार्देशकर

मी उत्तर गोव्यातील कळंगुटजवळ राहतो, तेव्हा या विषयात आम्ही तुमच्यापेक्षा बरेच पुढे, म्हणजे बरेच खाली गेलेलो आहोत. मोटार वाळूत रुतणे, किनाऱ्यावर चूल मांडणे, बाटल्या फोडून वाळूत पुरणे, हे सगळे आमच्याकडे होऊन चुकले आहे. 2019 मध्ये गोव्यात कायदा दुरुस्त करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्याला किंवा दारू पिणाऱ्याला 2,000 रुपये आणि गट असल्यास 10,000 रुपये दंड ठेवण्यात आला. दंडाची भीती काही प्रमाणात बसली. तथापि कायदा आला तोपर्यंत कळंगुटचा कुठला भाग गाव आणि कुठला बाजार, हे सांगणे अवघड झाले होते. मालवणात अजून संध्याकाळी मासळीबाजारात स्थानिक माणूस स्थानिक बाईशी भावावरून भांडताना दिसतो. आमच्या भागात ते भांडणही आता हिंदीत होते.

तुमच्याकडच्या घरगुती निवासांना आमच्याकडचे मोठे गुंतवणूकदार विकत घेऊ लागले, तर एकट्या पाहुण्याला खोली सहज मिळेल, कारण तिथे त्याची चौकशी करणारी आई पडवीत झोपलेली नसेल. तेव्हा काय मागता आहात, याचा विचार करून मागा.

मनिलाकर

नोकरीनिमित्त फिलिपिन्समध्ये राहतो, म्हणून इथले उदाहरण देतो. बोराकाय नावाचे छोटे बेट पांढऱ्या वाळूसाठी जगप्रसिद्ध आहे. हॉटेलांचे सांडपाणी थेट समुद्रात सोडले जाऊ लागल्यावर 2018 च्या एप्रिलमध्ये सरकारने ते बेट पर्यटकांसाठी सहा महिने पूर्ण बंद ठेवले. किनाऱ्याला चिकटलेली बांधकामे पाडली, सांडपाण्याच्या वाहिन्या घातल्या आणि बेट पुन्हा उघडताना एका वेळी 19,215 पर्यटकांची मर्यादा घातली. किनाऱ्यावर दारू आणि मेजवान्या बंद केल्या. मी त्यानंतर गेलो, वाळू खरोखर स्वच्छ होती. देवबागसारख्या अरुंद पट्टीवर विहिरी आणि शोषखड्डे शेजारी शेजारी असतील, तर तिथेही अशी मर्यादा लवकरच आवश्यक ठरेल.

देवबागचा यजमान

शोषखड्ड्यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. उन्हाळ्यात काही विहिरींचे पाणी मचूळ होते आणि आम्ही पिण्याचे पाणी विकत आणतो. परंतु सहा महिने गाव बंद ठेवणारे सरकार त्या सहा महिन्यांचे बँकेचे हप्ते भरणार होते का, तेही सांगावे. आम्हाला तर पाऊसच दरवर्षी चार महिने बंद ठेवतो.

मनिलाकर

मोबदला मिळाला तो फार थोड्यांना आणि अपुरा, अशी तक्रार तिथल्या कामगारांनी केली होती. तेवढ्यापुरता तुमचा आक्षेप मान्य आहे.

घाटमाथा

धागा वाचनीय झाला आहे. पण मूळ प्रश्नाचे उत्तर कोणीच दिलेले नाही, म्हणून प्रयत्न करतो. मीही एकटाच फिरतो आणि माझा मुक्काम तारकर्लीत नसतो. उत्तरेला आचरा आहे, दक्षिणेला कर्ली ओलांडल्यावर भोगवे आणि निवती आहेत, त्याहून पुढे वेंगुर्ला आणि शिरोडा आहेत. शिरोड्यात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला होता आणि मिठागरे अजूनही पाहता येतात. जवळच आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. तिथे देवाला नवसाचे केळ्यांचे घड आणि हातभर लांबीच्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची गस्त घालतो म्हणून त्या झिजतात, असे पुजाऱ्यांनी मला एक चप्पल उलटी करून दाखवत सांगितले. अशा गप्पा मारायला एकट्या माणसाला तिथे वेळही मिळतो आणि सोबतीही मिळतात. तारकर्लीला एखाद्या सकाळी जावे, रापण पाहावी आणि एसटीने परत फिरावे.

अनामिक कासव

कृपया अशी नावे लिहू नका. दहा वर्षांपूर्वी अशाच एखाद्या चर्चेत कोणीतरी ‘तारकर्लीला जा, तिथे कोणी नसते’ असे लिहिले असणार.

रापणकर

नावे जरूर लिहा. नावे लपवल्याने फायदा होतो तो ज्यांना ती आधीच ठाऊक आहेत त्यांचा. निवतीच्या माणसालाही मुलीची फी भरायची असते. फार तर इतके करा की नावासोबत तिथे कसे वागावे, हेही लिहा. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात. तिथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरात शिजेल तेच जेवतात, आणि दोरीच्या पलीकडे पाय टाकायचा नाही म्हणजे नाही, हे गावानेच ठरवले आहे. एकट्या पाहुण्यालाही तिथे अडवत नाहीत, कारण तो कासवे बघायला आला आहे, हे सगळ्यांना माहीत असते.

पायवाट

वेळासचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. तिथे पाहुणा कशासाठी आला आहे, हे यजमानाला ठाऊक असते. तारकर्लीत ते गृहीत धरलेले असते आणि त्या गृहीतात मी बसत नव्हतो. यजमानांची भीती समजली. तरीही माझी निराशा कमी झाली, असे म्हणणार नाही, कारण भीती रास्त असली तरी दोघांचे भाडे घेऊन वर संशयही घेतला गेला, हे मला आजही खटकते. दोन्हींपैकी एक काहीतरी घ्यावे.

देवबागच्या यजमानांना थेट विचारतो. मी सोमवारी येऊन गुरुवारी परत जाणार असेन, घरच्यांचा क्रमांक आधीच देणार असेन आणि होडी, स्कूबा यांपैकी काहीही नको असेल, तर तुम्ही मला कोणत्या दराने खोली द्याल?

देवबागचा यजमान

सोमवार ते गुरुवार, सुट्ट्यांचे दिवस सोडून, दोघांच्या दराच्या निम्म्यापेक्षा थोडे अधिक घेईन आणि दोन वेळचे जेवण एकाच माणसाचे लावीन. क्रमांक मात्र घेईनच आणि आल्यावर त्यावर एकदा बोलेनही. आई विचारपूस करेल, ती थांबवणे माझ्या हातात नाही.

मृण्मयी_भ

हाच दर स्त्रियांनाही लागू असेल, असे गृहीत धरते. जून महिन्यात खोली मिळेल का? मला पावसातला समुद्र पाहायचा आहे.

देवबागचा यजमान

खोली मिळेल आणि दर आणखी कमी करू. मात्र जूनमध्ये मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी सुरमई मिळणार नाही. सुका बांगडा, खाडीतले मिळेल ते आणि कुळथाची पिठी यांवर भागवावे लागेल. वीज गेली तर दोन-दोन दिवस येत नाही आणि समुद्राच्या बाजूच्या खोलीत वाऱ्याचा आवाज फार असतो. नदीच्या बाजूची खोली घ्या.